पेजेला किती पाणी

उकडा तांदूळ, दीड मूठ.
माझी मूठ की आपाची, हे आधी ठरवावं लागतं,
कारण त्याची उजवी आता उघडत नाही
आणि माझीला ग्रीसचा वास येतो,
तीनदा धुतली तरी.

मी बंदरावर होड्यांची इंजिनं उघडतो.
आपाने एकतीस वर्षं वेंगुर्ल्यात खानावळ चालवली.
सोमवारी बंद, बाकी दिवस बांगड्याचं तिखलं,
आणि भिंतीवर खडूने:
उधारी मागून जेवण कडू करू नये.
त्याच्या हाताखाली मी कधी कांदासुद्धा चिरला नाही.
म्हणायचा, तुजो हात जड आसा,
तू पान्याकच बरो.

चैत्रात एका सकाळी
ओहोटीत होडी कलते
तशी त्याच्या तोंडाची एक बाजू कलली.
शब्द गेले.
उरला डावा हात, स्टीलचा चमचा, वाटीची कड.
एक टक म्हणजे नको.
दोन म्हणजे हो.
खूप टका म्हणजे मी गाढव.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मासे नकोत, तिखट नको, तुकडा नको,
अगदी पाण्यासारखंही नको, ठसका लागेल.
चमच्यावरून सावकाश उतरेल इतपत.
इतपत म्हणजे किती, विचारलं तर हसल्या.
मला तेलातलं कळतं. मनात धरलं:
चाळीस नंबरचं, पहाटेच्या गारव्यातलं.

पहिल्या दिवशी सहा शिट्ट्या केल्या.
कुकरमधून निघाली ती खळ होती,
दशावताराची पत्रकं चिकटवावीत अशी.
त्या दिवशी वाटीला पोचा आला.

आज टोप उघडाच ठेवलाय.
उकड्याला घाई चालत नाही, हे एवढं शिकलो.
दाणा आधी फुगतो, मग बराच वेळ
काहीच करत नाही,
आपण ओट्याला टेकून उभे,
मग अचानक पोट फाटल्यासारखा फुटतो.
तेव्हा भोपळा. दुधीचा कीस. आल्याचा रस, थेंबभर.
शेवग्याचा पाला रेमेतीनबाय कुंपणावरून देते,
देठ काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून,
आणि रोज तेच विचारते: बोललो काय?
नाय, मी म्हणतो. पण शिव्या घालता, चमच्यान.
ती छातीवर क्रूस करते आणि हसते.

रवीने घोटलं. गाळणीतून काढलं.
पडवीत त्याच्यासमोर ठेवलं.
टक.
मीठ?
टक.
पाणी घालू?
टक.
सोलाचं आगळ, दोन थेंब?
त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.
डाव्या हाताने ताटली ओढली, वाटीवर पालथी घातली
आणि डोळे मिटले.

म्हटलं, झालं. नको तर नको.
आत माझी दोन इंजिनं खोलून पडलेली,
दुपारी उमाकांत पागी येणार, त्याला परवा समुद्रात जायचंय,
आणि इथे हा माणूस
माझ्या दीड तासावर झाकण घालून बसलाय.
खाली लिलावाची ओरड चालली होती.
ताटलीच्या कडेने वाफ येत होती, मग कमी, मग नाही.
कावळा दोनदा येऊन गेला.

दहा मिनिटांनी त्याने स्वतःच ताटली सारली.
पेज तीच होती.
वर साय धरल्यासारखी जरा जमली होती,
चमच्यावरून उतरताना
किंचित विचार करत होती.
चाळीस नंबर. पहाटेचं.

सगळी प्याला. ठसका नाही.
हनुवटीवरून ओघळली ती मी पुसली,
त्याने मान फिरवली नाही.

टोपाच्या बुडाला थोडी धरली होती.
मी उभ्याउभ्या खरवडून खाल्ली.
भोपळ्यापेक्षा मला ग्रीसच लागलं, खरं सांगायचं तर.

नळ सोडला तेवढ्यात पडवीतून आवाज.
टक. टक.

मी काही विचारलंच नव्हतं.